बोर्डावरची ओल

हिवाळ्यात सकाळी आमचा मॉनिटर लवकर चालू व्हायचा नाही. बटण दाबलं की दिवा लागायचा, पडदा क्षणभर उजळायचा आणि पुन्हा काळा पडायचा. आठ-दहा वेळा बटण दाबून झालं की कधीतरी तो टिकायचा, आणि एकदा टिकला की रात्रीपर्यंत बिनतक्रार चालायचा. मार्च आला तसा हा त्रास आपोआप कमी झाला. पुढच्या डिसेंबरात तो दुप्पट होऊन परतला, तेव्हा मॉनिटर चादरीत गुंडाळून मी पुण्याच्या तपकीर गल्लीत नेला.

दुरुस्ती करणाऱ्या काकांनी तो उघडण्याआधीच विचारलं, "सकाळी त्रास देतो, दुपारी नाही. बरोबर?"

"बरोबर."

"कंडेन्सर सुकलेत. चार बदलले की झालं."

सुकलेत? विजेच्या वस्तूबद्दल हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वायर तुटते, फ्यूज उडतो, मोटर जळते. सुकतात ते पापड, कपडे, विहिरी. बोर्डावर सुकण्यासारखं ओलं असतं तरी काय? ओल म्हणजे तर या यंत्रांचा वैरी. पावसाळ्यात त्यांच्यावर प्लास्टिक घालायचं, भिजलेला फोन डब्यात कोरडा करत ठेवायचा, हेच आपण शिकलेलो. आणि इथे काका सांगत होते की आतली ओल गेली म्हणून यंत्र आजारी पडलंय. त्या एका शब्दामागे मी पुढे कित्येक महिने धावलो, आणि जे सापडलं ते अजूनही मला पूर्ण खरं वाटत नाही.

काकांनी मागचं झाकण काढून वीजपुरवठ्याचा तपकिरी बोर्ड माझ्यापुढे धरला. त्यावर करंगळीच्या पेराएवढ्या, प्लास्टिकचं आवरण घातलेल्या डब्या रांगेने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच. बाकीच्यांची डोकी सपाट होती, चौघींची मात्र भाकरी फुगावी तशी वर आलेली. भाकरी वाफेने फुगते, या डब्या आत तयार झालेल्या वायूने फुगतात. डोक्यावरची खाच कारखान्यातच मुद्दाम पाडलेली असते. दाब फार वाढला तर पत्रा तिथे फाटावा आणि वायू हळूच निघून जावा, डबी फटाक्यासारखी फुटू नये, यासाठी.

या डब्यांचं काम समजायला मला मोट आठवावी लागली. बैल धावेवरून खाली उतरतात, भरलेली मोट विहिरीच्या तोंडाशी येते आणि भसकन थारोळ्यात रिकामी होते. बैल मागे सरतात, मोट पुन्हा पाण्यात जाते, आणि मधल्या वेळात वर एक थेंबही येत नाही. तरी पाटातलं पाणी थांबत नाही, कारण थारोळं भरलेलं असतं. आपल्या घरातली वीज अशीच हिसक्यांनी येते. सेकंदाला ५० आवर्तनं, आणि डायोडांच्या पुलातून सगळी एका दिशेला वळवली की सेकंदाला १०० मोटा. दर दोन मोटांच्या मध्ये वीज शून्यावर उतरते. बोर्डावरच्या चिपला मात्र संथ पाट हवा, एक क्षणही खंड न पडणारा. काकांचा कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, हे ते थारोळं. आजच्या वीजपुरवठ्यात अशी दोन थारोळी असतात. पहिलं घरच्या विजेसाठी, सुमारे ३२५ व्होल्टवर भरणारं. त्यापुढे हीच वीज सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून कमी व्होल्टवर आणली जाते, आणि तिथे दुसरं थारोळं लागतं. माझ्या मॉनिटरच्या चारही डब्या या दुसऱ्या थारोळ्यातल्या. त्या आटल्या, पाट तुटक वाहू लागला, चिप गोंधळून बंद पडली, पुन्हा चालू झाली, पुन्हा बंद पडली. दिवा लागायचा आणि पडदा मिटायचा, त्याचं कारण एवढंच.

काकांनी एक डबी माझ्या हातात दिली. तिच्यावर छापलं होतं: १,००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. किंमत काही रुपये.

या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. फॅरड हे वीज साठवण्याच्या क्षमतेचं, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत धारितेचं एकक. ते मायकेल फॅरडेच्या नावाचं, आणि इतकं मोठं की व्यवहारात त्याचा दहा लाखावा भाग, मायक्रोफॅरड, वापरतात. अवकाशात एकट्या असलेल्या गोळ्याची धारिता त्याच्या त्रिज्येवरून काढता येते. त्या सूत्रात पृथ्वीची ६,३७१ किलोमीटरची त्रिज्या घातली की उत्तर येतं सुमारे ७१० मायक्रोफॅरड. समुद्र, हिमालय, खंड सगळं धरून आख्खी पृथ्वी ७१०, आणि माझ्या चिमटीतली डबी १,०००. मी हे गणित तीनदा करून पाहिलं.

तुलना जराशी तिरकी आहे हे मान्य. पृथ्वी या गणितात एकटी आहे आणि डबीत दोन पृष्ठभाग समोरासमोर आहेत. पण सगळी करामत त्या समोरासमोर असण्यातच आहे. एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण, एकमेकांना ओढून धरणारे, आणि मध्ये त्यांना भेटू न देणारी भिंत. भिंत जितकी पातळ तितकी ओढ जास्त, तितका साठा जास्त. पृष्ठभाग जितका मोठा तितकी जागा जास्त. म्हणून डबी बनवणाऱ्यापुढे दोनच प्रश्न असतात: भिंत किती पातळ करता येईल आणि एवढ्याशा जागेत पृष्ठभाग किती कोंबता येईल.

१६ व्होल्टच्या या डबीतली भिंत साधारण ३० नॅनोमीटर जाडीची असते. माणसाचा केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटरचा, म्हणजे अशा दोन हजार भिंती एकावर एक रचल्या तर केसाची जाडी होईल. इतका पातळ कागद कुणाला बनवता येणार नाही, कापता येणार नाही, गुंडाळता तर नाहीच. म्हणून ही भिंत बनवत नाहीत, वाढवतात. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी एका द्रावणात बुडवून विजेच्या धन टोकाला जोडतात. द्रावणातल्या पाण्याचा ऑक्सिजन धातूला येऊन मिळतो आणि पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढू लागतो. हा थर वीज अडवणारा आहे. तो जसा वाढतो तसा प्रवाह कमी होतो, प्रवाह कमी झाला की वाढ मंदावते, आणि एका ठरावीक जाडीला ती आपोआप थांबते. दर व्होल्टला साधारण सव्वा ते दीड नॅनोमीटर, असा तिचा हिशेब. जाडी मोजत बसायचं नाही, व्होल्ट ठरवायचे. कामाच्या व्होल्टपेक्षा थोडे जास्त व्होल्ट देऊन भिंत वाढवली की झालं. माणिक आणि नीलम ज्या संयुगाचे स्फटिक, त्याच संयुगाचा हा स्फटिक नसलेला थर आहे. हवेत ठिणगी पडायला जेवढा विद्युत ताण लागतो, त्याच्या शंभरपटीहून अधिक ताण तो वर्षानुवर्षं सोसतो.

आता पृष्ठभाग. भिंत वाढवण्याआधी पट्टी आम्लाला खाऊ देतात. गुळगुळीत चमकदार पत्र्याला सूक्ष्म छिद्रं आणि बोगदे पडतात, तो स्पंजासारखा होतो आणि त्याचा खरा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. १,००० मायक्रोफॅरडवरून उलटं गणित केलं तर या डबीत उलगडलेल्या वर्तमानपत्राएवढा पृष्ठभाग भरतो. करंगळीच्या पेरात एक वर्तमानपत्र, आणि त्याच्या कानाकोपऱ्यावर ३० नॅनोमीटरचा एकसंध लेप.

आणि इथे खरी अडचण उभी राहते. एक बाजू धातूची, तिच्यावर भिंत. मग दुसरी बाजू? त्या असंख्य बोगद्यांत शिरून भिंतीला सगळीकडून चिकटेल असा दुसरा पत्रा कुठून आणायचा? कुठलाच घन पदार्थ तिथे पोचणार नाही.

द्रव पोचतो.

काकांच्या "सुकलेत"चा अर्थ मला या ठिकाणी लागला. डबीत दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये भिजवलेला कागद, सगळं मिळून सुरळी केलेली. आपल्याला वाटतं दोन पट्ट्या म्हणजे दोन बाजू. पण दुसरी पट्टी फक्त वीज आणून पोचवते. खरी दुसरी बाजू म्हणजे कागदातलं द्रावण. बोर्डावर बाकी सगळं कोरडं: सिलिकॉन, तांबं, काच, राळ, प्लास्टिक. ओल फक्त याच डब्यांमध्ये, आणि वीज साठवण्याच्या कामात तीच अर्धी भागीदार. द्रावणात असतं तरी काय? जुन्या पारंपरिक मिश्रणात मुख्य दोन गोष्टी: गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते ग्लायकॉल आणि कॅरमच्या सोंगट्या घसराव्यात म्हणून टाकतात ते बोरिक ॲसिड.

मागे जाऊन पाहिलं तर जगातला पहिला कपॅसिटरही ओलाच होता. १७४५-४६च्या हिवाळ्यात हॉलंडमधल्या लायडन शहरात पीटर फान मुसेनब्रुक काचेच्या भांड्यातल्या पाण्यात वीज भरण्याचा प्रयोग करत होता. त्याच्या थोडं आधी पोमेरेनियात एवाल्ड फॉन क्लाइस्ट यानेही स्वतंत्रपणे तेच केलं होतं. भांडं हातात, पाण्यात बुडालेली तार घर्षणयंत्राला जोडलेली. दुसऱ्या हाताने तारेला स्पर्श केला आणि असा धक्का बसला की आख्ख्या फ्रान्सचं राज्य मिळालं तरी आपण हे पुन्हा करणार नाही, अशा अर्थाचं पत्र मुसेनब्रुकने पॅरिसला पाठवलं. सगळ्यांना वाटलं वीज पाण्यात साठते. पुढे बेंजामिन फ्रँकलिनने पाणी ओतून दुसऱ्या भांड्यात काढलं आणि दाखवून दिलं की करामत पाण्यात नाही, काचेत आहे. पाणी ही आतली बाजू, भांडं धरणारा तळहात ही बाहेरची, आणि काच म्हणजे मधली भिंत. तळहात बाजूला करून तिथे धातूचा पत्रा आणि काच बाजूला करून तिथे ऑक्साइड ठेवा, माझ्या मॉनिटरची डबी तयार होते. पावणेतीनशे वर्षांत भिंत पातळ होत गेली. ओल तिथेच राहिली.

ॲल्युमिनियमवरच्या या थराचा कपॅसिटर करता येईल, हे कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने १८९६ मध्ये पेटंटात मांडलं. त्याने द्रावणासाठी घेतला होता टाकणखार, आपल्याकडे सोनार डाग देताना वापरतात तोच. १९२५ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल रूबेन याने द्रव सुटा न ठेवता कागदात भिजवण्याची रीत काढली आणि हौदासारखं अवजड भांडं सुरळीच्या डबीत आलं. नेमका तेव्हाच रेडिओ बॅटरीवरून घरच्या विजेवर जाऊ लागला होता आणि त्यातली घरघर घालवायला मोठी थारोळी हवी होती. जुन्या रेडिओत बातम्यांच्या मागे खर्जातली एक 'घूं' ऐकू येते ती सेकंदाला १०० कंपनांची. ती ऐकू येते म्हणजे थारोळं आटत चाललंय आणि मोटांचे हिसके थेट स्पीकरपर्यंत पोचताहेत.

'कंडेन्सर' या शब्दाचाही मला मोह पडतो. आलेस्सांद्रो व्होल्टाने १७८२ मध्ये हे नाव वापरलं, कारण त्याच्या मते वीज इथे 'घट्ट' होऊन साठते. इंग्रजी पुस्तकांनी ते कधीच सोडून कपॅसिटर धरला, आपल्या इलेक्ट्रिशियनने मात्र व्होल्टाचा शब्द जपला. पंखा हळू फिरतो तेव्हा तो सांगतो, "कंडेन्सर गेलाय." पंख्याचा कंडेन्सर वेगळ्या जातीचा, कोरडा. प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो. फिल्मला कुठे भोक पडलं की त्याभोवतालचा मुलामा क्षणात वाफ होऊन उडतो आणि जखम आपोआप वेगळी पडते. कंडेन्सर वाचतो, पण दर वेळी कणभर कमी होतो. वर्षानुवर्षं अशा बारीक जखमा झाल्या की अडीच मायक्रोफॅरडचे दोन उरतात, आणि पंख्याखाली झोपणाऱ्याला वाटतं यंदा उकाडा वाढलाय.

ओल्या कपॅसिटरचं जखम भरणं याहून विलक्षण. त्याच्या भिंतीला तडा गेला तर त्या तड्यातून किंचित प्रवाह वाहतो, आणि हाच प्रवाह द्रावणातला ऑक्सिजन तिथे आणून नवा थर चढवतो. म्हणजे कारखान्यात जी क्रिया एकदा झाली, ती डबीत आयुष्यभर चालू राहते, वापरात असेपर्यंत. वापर थांबला की भिंत हळूहळू झिजते. म्हणून वीस वर्षं माळ्यावर पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ थेट प्लगला लावू नये. जाणते लोक त्याच्या आधी एक साधा बल्ब मालिकेत जोडतात किंवा व्होल्ट अगदी सावकाश वाढवत नेतात. सुरुवातीला प्रवाह बराच गळतो. मग मिनिटागणिक, कधी तासागणिक गळती कमी होते. बाहेरून काहीच हललेलं दिसत नाही, पण आत त्या वेळी नॅनोमीटर-नॅनोमीटरने भिंत पुन्हा उभी राहत असते. एका स्नेह्यांच्या घरी मी हे मीटरच्या काट्यावर पाहिलं. काटा एखाद्या झोपी जाणाऱ्या मुलाच्या श्वासासारखा खाली येत गेला. सगळेच कपॅसिटर असे परततात असं नाही. ज्यांची ओल संपली ते परतत नाहीत.

ओल का संपते? उष्णतेने. डबीच्या बुडाला रबरी बूच असतं, त्यातून द्रावणाची वाफ रोज नकळत निसटते. डबीवर १०५ अंश सेल्सिअस छापलेलं असतं आणि तिच्या माहितीपत्रकात पुढे २,००० तासांसारखं आयुष्य दिलेलं असतं. २,००० तास म्हणजे तीन महिनेसुद्धा नाहीत. पण तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात चंद्रपुरात बाहेर ४५ अंश, पेटीच्या आत आणखी वीस, म्हणजे ६५ धरा. १०५ वरून चार पायऱ्या खाली, सोळापट, ३२,००० तास. रोज आठ तास चालवलं तर अकरा वर्षं. तेच यंत्र महाबळेश्वरच्या २५ अंशांत ठेवलं, आत ४५, तर आणखी दोन पायऱ्या आणि हिशेबाने चव्वेचाळीस वर्षं. तेवढं प्रत्यक्षात मिळत नाही, कारण तोवर रबरी बूचच म्हातारं होतं, आणि उत्पादकही साधारण पंधरा वर्षांपुढचा भरवसा देत नाहीत. तरी एकच वस्तू दोन गावांत वेगवेगळ्या वेगाने म्हातारी होते, हे मला फार हलवून गेलं.

मग थंडीतच मॉनिटर का अडायचा? द्रावण गारठलं की दाट होतं, त्यातले आयन रेंगाळतात आणि डबीचा अंतर्गत विरोध वाढतो. तरुण डबीत भरपूर द्रावण असल्याने ते खपून जातं. सुकत आलेल्या डबीला डिसेंबरची सकाळ झेपत नाही. आठ-दहा वेळा बटण दाबलं की त्या धडपडीने डबी जराशी गरम व्हायची, उरलीसुरली ओल पातळ व्हायची आणि मॉनिटर टिकायचा. काकांनी खात्री करून घ्यायला केस वाळवायचा ड्रायर डब्यांवर धरला. दोन मिनिटांत पडदा लागला.

कधी कधी दोष म्हातारपणाचा नसतो. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या संगणकांचे लाखो बोर्ड दोन-तीन वर्षांतच फुगलेल्या डब्यांनी बंद पडले. अंतर्गत विरोध कमी करण्यासाठी द्रावणात पाण्याचं प्रमाण खूप वाढवलं गेलं होतं. पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सोडतं. ते रोखणारी रसायनं मिश्रणात हवीत, आणि तैवानमध्ये बनलेल्या बऱ्याच डब्यांमध्ये ती नव्हती किंवा अपुरी होती. एका जपानी कंपनीचं सूत्र चोरीला गेलं आणि चोराला ते अर्धवटच मिळालं, अशी हकीकत तेव्हाच्या व्यावसायिक नियतकालिकांत छापून आली. लोकांना ती चोरीचीच गोष्ट लक्षात राहते. मला रसायन जास्त थरारक वाटतं: काही थेंब पाणी आणि एका विसरलेल्या क्षारापायी डेल कंपनीला २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

"बसा, तुम्हीच बदला," काका म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं.

पण आधी पहिलं, मोठं थारोळं. १०० मायक्रोफॅरडची डबी ३२५ व्होल्टवर भरली की तिच्यात सुमारे पाच ज्यूल ऊर्जा राहते, एक किलोचं वजन अर्धा मीटर उचलण्याइतकी. ऐकायला कमी वाटते, पण ती बोटांतून सेकंदाच्या छोट्याशा अंशात जाते, आणि प्लग काढल्यावरही बराच वेळ आत टिकू शकते. काकांनी ६० वॅटच्या बल्बच्या दोन वायरी तिच्या पायांना टेकवल्या. बल्ब लागला नाही. "भरलेला असो-नसो, हात बल्बनंतर," ते म्हणाले. घरी हे करून पाहणाऱ्याने एवढं एक वाक्य पाठ करावं.

डबीच्या अंगावर फिकट पट्टा असतो, त्या बाजूचा पाय ऋण. बोर्डावरही तशी खूण छापलेली असते. उलटी बसली तर वीज भिंत वाढवण्याऐवजी मोडू लागते, आत वायू होतो आणि काही वेळात डोकं फाटतं. म्हणून आधी फोटो काढला. मग जुन्या जोडावर, तो काढायचा असूनही, थोडं नवं सोल्डर घातलं. मला हे उलटं वाटलं. पण कारण सुंदर आहे. कथील वितळतं २३२ अंशांवर, शिसं ३२७ वर, आणि ६३ भाग कथील व ३७ भाग शिसं एकत्र केलं तर मिश्रण १८३ वरच वितळतं, दोघांच्याही खाली. २००६ नंतर युरोपच्या नियमांमुळे बहुतेक बोर्डांवर शिसं नसलेलं सोल्डर आलं, ते २१७ अंशांच्या आसपास मऊ होतं. त्यात शिशाचं मिसळलं की जुना जोड लवकर सुटतो आणि बोर्डावरचा तांब्याचा पातळ पॅड उष्णतेने उखडत नाही.

सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते, चीडच्या झाडाच्या चिकाची. सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकताच तिचा धूर वर आला आणि मला एकदम अंगणातला कल्हईवाला आठवला. तो तापल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि मग कथलाचा एक तुकडा कापसाच्या बोळ्याने फिरवला की सगळं भांडं चांदीसारखं उजळायचं. नवसागर करतो तेच काम राळ सौम्यपणे करते: तांब्यावरचा ऑक्साइड दूर करणं. ऑक्साइड मध्ये असेल तर कथील थेंब होऊन घरंगळतं. तो गेला की ते तांब्यावर पसरतं आणि दोघांच्या सीमेवर तांबं आणि कथील यांचं एक नवंच संयुग तयार होतं. म्हणजे डबीच्या पोटात सगळा संसार ऑक्साइडवर उभा, आणि डबीच्या पायाशी मात्र ऑक्साइडच काढून टाकावा लागतो. ॲल्युमिनियमला सोल्डर सहज चिकटत नाही तेही त्याच्यावरच्या ऑक्साइडमुळे. म्हणून डबीचे पाय ॲल्युमिनियमचे नसतात. कथील चढवलेल्या तारा आत पट्टीच्या फाळक्यांना वेल्ड केलेल्या असतात.

जोड वितळला, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सकर टेकवून कळ दाबली, 'टप्प' आवाज झाला आणि छिद्र मोकळं झालं. डबी हातात आली. चारही अशाच काढल्या. नव्या डब्या मायक्रोफॅरडला तेवढ्याच, व्होल्टला तेवढ्याच किंवा वरच्या, १०५ अंशांच्या, कमी अंतर्गत विरोधाच्या, आणि जागेत मावतील अशा जाडीच्या घेतल्या. काकांनी प्रत्येक डबी मीटरवर तपासली, कारण बाजारात मोठ्या आवरणात छोटी डबी भरलेला मालही मिळतो. पाय घातले, पॅड आणि पाय दोन्ही एकदम तापवले, तार टेकवली. जोड बरोबर झाला की सोल्डर पायावर चढतं आणि बाजूंनी आत वळलेला चकचकीत शंकू होतो. गोळा झाला तर चुकलं. माझे पहिले दोन गोळे झाले, पुढचे सहा शंकू. काकांनी काही न बोलता ते दोन पुन्हा तापवले.

बटण दाबलं. दिवा लागला, पडदा उजळला आणि तसाच राहिला. जानेवारीतही, सकाळी सहालाही.

जुन्या चार डब्या मी पुडीत बांधून आणल्या होत्या, आणि ताडून पाहायला एक नवी जास्तीची. हातमोजे घालून एक जुनी पकडीने सोलली. सुरळी निघाली. ती खिडकीत उलगडली. ऋण पट्टी मऊ होती, दुमडली. धन पट्टी चमकत नव्हती. राखेसारखी फिकी करडी होती, आणि वाकवताच पापडासारखी मोडली. बोगद्यांनी पोखरलेला धातू असा ठिसूळ होतो. मधला कागद तपकिरी पडला होता आणि हातात कुरकुरत होता. मग नवी उघडली. तिचा कागद पांढरा होता, बोटाला चिकटून आला, आणि मोज्यावर त्याचा एक ओला डाग उमटला.